ड्रायव्हरचं काय झालं

"त्या बाईनं आगीत शिरल्यावर तोंडावरचा मास्क काढला काऊन?"

अकरा दिवसांत तायडेकाका माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. तोवर 'हं', 'नाही' आणि 'झालं काय?' यापलीकडे त्यांची मजल गेली नव्हती. मी त्यांच्या उजव्या खांद्यावरची शेकाची पिशवी काढत होते. समोरच्या स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून माझा टॅबलेट उभा केला होता. पडद्यावर जळत्या इमारतीत एक बाई ओरडून साथीदाराला काहीतरी सांगत होती.

"चेहरा दिसायला हवा ना काका. नाहीतर कोण बोलतंय ते कळणार कसं?"

"धुरात चेहरा दिसत नाही," ते म्हणाले. "सोताचा हातबी दिसत नाही. मास्क काढला तर ती दोन मिनिटांत आडवी होईल."

एवढं बोलून ते परत पडद्याकडे पाहू लागले. मी त्यांच्या हातात भिंतीला लावलेल्या कप्पीची दोरी दिली आणि म्हटलं, "हा प्रसंग संपेपर्यंत दहा वेळा." त्यांनी दोरी ओढली. अकरा दिवसांत हेही पहिल्यांदाच घडत होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. फिजिओथेरपीची पदवी घेऊन वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी हाडाच्या डॉक्टरांकडे कामाला लागले होते. ज्यांना दवाखान्यात येणं जमत नसे त्यांच्या घरी जाऊन व्यायाम करवून घ्यायचे. गाव कापसाचं. स्टेशनापलीकडे जिनिंगच्या गिरण्यांची रांग होती आणि हंगामात रस्त्याच्या कडेला रुईचे पुंजके पडलेले असत. सुखदेव तायडे एकतीस वर्षं तिथल्या बंबावर होते. लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेले. अडुसष्टाव्या वर्षी अंगणात पाय घसरून पडले, खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर हात जो अंगाला चिकटला तो सुटेना. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "दीड महिना आहे तुझ्या हातात. नाहीतर म्हाताऱ्याला पुढे सदरा घालायलाही माणूस लागेल."

पण पेशंट व्यायाम करायला तयार असेल तर ना. मी गेले की ते खुर्चीत बसत, कुलरकडे तोंड करत आणि हात माझ्या ताब्यात देऊन टाकत, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा आहे. दुखलं तरी कण्हत नसत. कण्हणारा पेशंट परवडला. न कण्हणाऱ्याचं काय चाललंय ते कळतच नाही.

भिंतीवर एक फोटो होता. लाल बंबापुढे उभे असलेले सहा जण, डोक्यावर पितळी टोप. तो पाहून मला माझ्या मालिकेची आठवण झाली.

'इंजन ग्यारह' ही कुठल्याशा दूरदेशची मालिका, हिंदीत बोलणारी. मी तिचे तिन्ही सीझन दोनदा पाहिले होते. ज्याला-त्याला मी ती बघायला सांगायचे. दवाखान्यातल्या सिस्टरला सांगितली, घरमालकिणीला सांगितली, कोणी मनावर घेतलं नाही. काकांना सांगताना मात्र मी पूर्ण तयारीनं सांगितली.

"काका, एका अग्निशमन केंद्राची गोष्ट आहे. त्यात नायक असा कोणी नाही. आठ जण आहेत. कप्तान बाई आहे, मार्ता नावाची. तिला घरी कोणी विचारत नाही आणि इथं सगळे वचकून असतात. बेन नावाचा एक स्वयंपाक करतो, भयंकर करतो, आणि सगळे मुकाट खातात. लिनो म्हणून एक नवा पोरगा आहे, त्याला उंचीची भीती वाटते आणि हे त्यानं कोणाला सांगितलेलं नाही. ऑस्कर ड्रायव्हर आहे. दर भागात एक आग, पण गोष्ट आगीची नसते. या आठांमधल्या कोणा एकाची असते. प्रत्येकाला आपापला भाग मिळतो. ज्याचा तुम्हाला राग येत असतो ना, त्याचाच भाग पुढच्या आठवड्यात येतो आणि मग तुमची पंचाईत होते."

"नाही," ते म्हणाले होते.

"एक भाग. नाही आवडला तर पुन्हा नाव काढणार नाही."

कौसल्याकाकू, त्यांच्या पत्नी, दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पाहा ना हो. त्या भिंतीकडे पाहूनच तर राह्यले दिवसभर."

तर असा पहिला भाग लागला आणि मास्कवरून त्यांनी तोंड उघडलं.

पुढचे दोन आठवडे फार मजेत गेले. मी सकाळी दहाला पोहोचायचे तेव्हा स्टूल आणि तांब्या जागेवर असायचा. रोज दोन भाग, एका भागात साठ वेळा कप्पी, चाळीस वेळा भिंतीवरून बोटं वर सरकवणं, मग शेक. काका मालिकेतल्या चुका काढत आणि त्या काढता काढता हात वर जात राही.

"आग विझली की हे लोक लगेच गाडीत बसून जाते. होजपाइप कोण गुंडाळते मंग? अर्धी नोकरी तर पाइप गुंडाळण्यात जाते, पोरी."

"कापसाची गाठ यांना विझवाले लावा एकदा. वरून विझते, आतून दोन-दोन दिवस धुमसते. तुम्ही घरी जाऊन जेवले की तिसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा."

जेवणाचे प्रसंग मात्र त्यांना मनापासून पटत. लांबलचक टेबल, त्याभोवती आठ जण, मीठ कमी की जास्त यावरून भांडण. "हे बराबर हाय," ते म्हणत. "आम्ही पत्र्याच्या खोलीत स्टोवर खिचडी टाकत असू. अन् नेमकी शिजत आली की फोन वाजे." मग एकदा त्यांनी मला विचारलं, "तू एकटी जेवतं काय इथं?"

मी हो म्हटलं.

"म्हणून तुले आवडते ही शिरेल," ते म्हणाले, आणि कप्पी ओढू लागले. मला हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाही कळलं नव्हतं. त्या दिवसापासून काकू माझं ताट तिथंच वाढू लागल्या.

भिंतीवरच्या फोटोतल्या माणसांची नावं मला हळूहळू कळत गेली. हा गोविंदा सोळंके, शिडीवर माकडासारखा चढे. हा रफीक, कोणाच्याही घरचं लग्न असो, आचारी तोच. हा भास्कर शिरसाट, सगळ्यांत धाकटा. भास्करचं नाव घेतलं की काका लगेच कप्पी ओढू लागत. पण बंबाच्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या असलेल्या, रुंद खांद्यांच्या एका माणसाचं नाव काही आलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तो ड्रायव्हर."

"आणि नाव?"

"ड्रायव्हर होता."

गंमत म्हणजे मालिकेत त्यांचं सगळं लक्ष ड्रायव्हरवरच असायचं. बाकीचे आत शिरले की त्यांचा प्रश्न ठरलेला. "बाहेर ड्रायव्हर काय करून राह्यला ते दाखवतच नाही हे लोक. पंप तोच चालवते ना. पाणी त्याच्या हातात असते." मी सांगायचे, येईल, ऑस्करचाही भाग येईल. "कवा?" असं ते विचारायचे. मी हसून टाळायचे. मालिका सुचवणाऱ्यानं पुढचं सांगायचं नसतं.

दुसऱ्या सीझनचा नववा भाग लागला त्या दिवशी त्यांचा हात डोक्याच्या वर चार बोटं गेला होता. मी खुशीत होते. त्या भागात कागदाच्या गोदामाला आग लागते. मार्ता आणि लिनो आत असतात. नळीतून फवारा चाललेला असतो, आणि एकाएकी तो बारीक होतो, ठिबकतो, थांबतो. लिनो हातातल्या रिकाम्या नळीकडे बघतो. तिथंच भाग संपतो.

"बंद कर," काका म्हणाले.

"संपलाच आहे. लगेच दहावा लावते, त्यात..."

"बंद कर म्हटलं ना."

दोरी त्यांनी सोडून दिली होती. कप्पी भिंतीवर आपटली.

दुसऱ्या दिवशी स्टूल जागेवर नव्हतं. काका कुलरकडे तोंड करून बसले होते. तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी मोजलं तर हात दोन बोटं खाली आला होता. मी पायऱ्या उतरत होते तेव्हा काकू मागून आल्या.

"तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले काय माहीत."

मग तुळशीच्या ओट्याशी उभ्या राहून त्यांनी सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वी एका जिनिंगला आग लागली. बंबावर चौघंच होते. काका आणि भास्कर नळी घेऊन गाठींच्या मधल्या गल्लीत शिरले. सोळंके विहिरीवर पाइप टाकायला गेला. बाहेर पंपावर ड्रायव्हर, उत्तम बोदडे. आत काकांच्या अंगावर गाठींची थप्पी कोसळली. गिरणीचा चौकीदार पुंजाजी, त्यानं त्यांना ओढून बाहेर काढलं म्हणून वाचले. पण तेवढ्यात पाणी बंद पडलं. भास्कर पार टोकाला होता, हातात कोरडी नळी घेऊन. तो नाही वाचला. लग्नाला चार महिने झाले होते.

"हे दोन दिवसांनी शुद्धीवर आले. दवाखान्यात सगळे होते. यांनी सगळ्यांपुढं बोदडेभाऊंना विचारलं, पाणी बंद झालं तवा तू पंपावर होता का नव्हता? ते म्हणाले, नव्हतो. कुठं होता मंग? तर ते काही बोललेच नाही. खाली मान घालून उभे. झालं. तवापासून दोघं एकाच गावात हाय, पण तोंड पाहत नाही एकमेकांचं. चौकशीत पंप बिघडला असं लिहिलं गेलं. गाव मात्र म्हणे, भिऊन पळाला." काकू म्हणाल्या. "पहिले दोघं एका ताटात जेवत."

"पुंजाजी आहेत अजून?"

"गेले मागं. हे दर दिवाळीले त्यायले धोतरजोडी नेऊन देत. पुंजाजी लय संकोचे."

बोदडेंची पिठाची गिरणी आठवडी बाजाराच्या तोंडाशी आहे हेही काकूंनीच सांगितलं. का सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

माझं काम खांद्याचं होतं, एवढं मला कळत होतं. तरी त्या दुपारी मी दोन किलो ज्वारी घेऊन गिरणीवर गेले. कारण प्रामाणिकपणे सांगायचं तर एकच. तो माणूस कुठं होता, हे मला जाणून घ्यायचं होतं.

दुपारची वेळ, गिरणीत दुसरं कोणी नव्हतं. फोटोतले रुंद खांदे आता खाली उतरले होते आणि भुवयांवर पीठ बसलं होतं. बोदडेकाकांनी ज्वारी जोखली, गिरणीच्या तोंडात ओतली. मी मोठ्यानं सांगितलं की मी तायडेकाकांचा खांदा बघते. त्यांनी हात पुसले, पट्ट्याचा वेग कमी केला आणि विचारलं, "हात कुठवर जाते त्याचा?"

"गेल्या आठवड्यात डोक्याच्या वर जात होता. आता थांबलाय." आणि मग मी त्यांना मालिकेबद्दल सांगितलं. आठ जणांबद्दल, लांब टेबलाबद्दल, नवव्या भागाबद्दल. ते पिठाची धार बघत ऐकत होते.

"पाणी बंद झालं, इथंच थांबले ते," मी म्हणाले. "पुढचं बघायला तयार नाहीत."

त्यांनी पिठाखालचा डबा सरळ केला. मग त्यांनी विचारलं, "मंग ड्रायव्हरचं काय झालं?"

मी उत्तर देण्याआधीच त्यांनी डबा पुढे केला, तेव्हा मला त्यांचा डावा तळहात दिसला. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं आत वळून तळहाताला चिकटल्यासारखी झाली होती, कातडी ताणलेली, चकचकीत. माझ्या धंद्यात असे हात बघावे लागतात.

"हे कशानं काका?"

"रेडिएटरचं झाकण उडालं होतं. वाफेनं भाजलं. जुनी गोष्ट हाय."

"वाफेनं वरून भाजतं. हाताच्या पाठीवर, तोंडावर," मी म्हटलं. "हे तळहाताला आहे, बोटांच्या आतून. तापलेलं लोखंड कोणी मुठीत धरलं आणि सोडलं नाही तर असं होतं."

बोदडेकाकांनी हात मागे घेतला. मग गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फट् फट् करत मंदावला आणि थांबला. त्या शांततेत माझं मलाच वाटलं, आपण इथं यायला नको होतं.

"कोणाची व तू?" त्यांनी विचारलं.

"काळमेघांची. रेणुका. इथली नाही मी."

"म्हणून सांगतो. इथली असती तर नसतं सांगितलं." ते पिठाच्या पोत्यावर बसले. "बाजूले एक लोखंडी दार होतं. मी पंपावर उभा. जुना बंब, अॅक्सिलेटरवर हात ठेवूनच राहा लागे, नाही तं इंजन बसे. तं त्या दाराच्या फटीतून मले सुखदेवचा टोप दिसला. जमिनीवर. टोप हालत नव्हता. आजूबाजूले कोणी नाही. सोळंके विहिरीवर, बाकी गाव लांब उभं. मी हात सोडला अन् धावलो. दार तापून लाल झालेलं. ओढलं. त्याले बगलेत धरून बाहेर आणला, झाडाखाली टाकला. किती येळ लागला असंल? चार मिनिटं. परत आलो तं इंजन बसलं होतं. दोन खेपा सुरू झालं नाही. तिसऱ्या खेपेले झालं." त्यांनी गुडघ्यावरचं पीठ झटकलं. "तवर भास्करचं झालं होतं."

"मग पुंजाजी?"

"त्याले मीच म्हटलं, तू काढलं म्हणून सांग. तो सांगत नव्हता. त्याच्या पाया पडलो."

"पण का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही या मुलीला कळत नाही.

"भास्कर त्याचा जीव की प्राण. त्यानंच नोकरीले लावलेला. मी जर म्हटलं असतं, बा सुखदेव, तुले काढाले गेलो म्हणून पाणी बंद झालं, तं तो जगला असता काय? रोज सकाळी उठून काय म्हटलं असतं त्यानं सोताले?" त्यांनी वळलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळली. "माहं काय. मले लोक भित्रा म्हणते. भित्र्याले जगता येते."

डब्याचं झाकण लावून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "हे त्याच्या कानावर गेलं तर मी समजीन, तू त्याचा खांदा नीट कराले नाही, त्याले मोडाले आली होती."

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर स्टूल जागेवर होतं, त्यावर तांब्या होता. काका दोरी हातात घेऊन बसले होते.

"लाव," ते म्हणाले. "दहावा."

"नक्की काका?"

"चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही. काय झालं त्या ड्रायव्हरचं, ते पाहू दे."

चार दिवसांपूर्वी हे ऐकून मी नाचले असते. आता माझी बोटं टॅबलेटवर अडखळली. दहावा भाग मला पाठ होता. तो ऑस्करचा भाग होता आणि त्यात ऑस्कर खरोखरच घाबरतो. गोदामाची भिंत कलताना बघून तो जागच्या जागी गोठतो, पंपाची दांडी त्याच्या हातात असते आणि हात हलत नाही, म्हणून पाणी थांबतं. बाकीचे लिनोला कसंबसं बाहेर काढतात. नंतर ऑस्कर जेवायला आत येत नाही, गाडीच्या पायरीवर बसून राहतो. सगळे आत जेवत असतात. शेवटी मार्ता स्वतःची खुर्ची ओढत बाहेर आणते आणि काही न बोलता त्याच्याजवळ बसून जेवते. हा भाग मला फार आवडायचा. पण तो बोदडेकाकांची गोष्ट नव्हता. तो पाहून काकांचा गैरसमज पक्का झाला असता, आणि मी कशाला म्हणून 'नको' म्हणणार होते?

मी लावला.

काकांनी एकही चूक काढली नाही. भाग संपला तेव्हा त्यांनी तो परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा मार्ताची खुर्ची फरशीवर खरखरत बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, "भित्रा नव्हता तो."

"हं?"

"भ्याला होता. भित्रा असणं येगळं अन् भेणं येगळं." मग दोरी ओढत, "मी त्याले सगळ्यांपुढं विचारलं. तसं नव्हतं विचाराले पायजे."

कोणाला, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी हात पुन्हा डोक्याच्या वर गेला.

आठवड्याभरानं त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. बाजारात जायचं आहे, म्हणाले, आणि काकूंनी काहीही न विचारता त्यांना धुतलेला सदरा आणून दिला. माझ्या स्कूटरवर मागे बसून, डाव्या हातानं सीटची कड धरून ते आले. गिरणीपुढे उतरले. तिथं एक बाई दळण घेऊन उभी होती. काका तिचं होईपर्यंत उन्हात थांबून राहिले, मी सावलीत या म्हटलं तरी हलले नाहीत. बोदडेकाकांनी त्यांना पाहिलं होतं. पण ते शेवटच्या मुठीपर्यंत पीठ झाडत राहिले. बाई गेली. बटण बंद झालं.

"ये," बोदडेकाका म्हणाले.

"बसाले नाही आलो. एक इचारतो अन् जातो." काका म्हणाले. "मागं इचारलं तवा चारचौघांत इचारलं. आता एकटाच हाय. ही पोरगी हाय, ती आपलीच हाय. उत्तम, त्या दिवशी तू भ्याला होता काय?"

बोदडेकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला अजून आठवते. सगळं माझ्या जिभेवर होतं. लोखंडी दार, टोप, पुंजाजीची धोतरजोडी. एक वाक्य पुरलं असतं. माझ्यासमोर दोन म्हातारे उभे होते आणि त्यांच्यातलं खरं काय ते जगात आता आम्हा दोघांनाच माहीत होतं, त्या पीठ माखलेल्या माणसाला आणि मला. मी जमिनीकडे पाहिलं.

"हो," बोदडेकाका म्हणाले. "भ्यालो होतो."

तायडेकाकांनी मोठा श्वास सोडला.

"मंग तवाच सांगायचं, लेका. मी काय वाघ होतो? मलेबी दर खेपेले भेव वाटे. भोंगा वाजला की वाटे, एकतीस वर्षं वाटे." ते पुढे झाले आणि त्यांनी बोदडेकाकांचा डावा हात धरला. "वाफेनं लय भाजलं होतं तुले तवा. मी इचारलंबी नाही."

बोदडेकाकांनी हळूच मूठ मिटली. "बरा हाय आता," ते म्हणाले. "तुहा खांदा दाखव."

काकांनी तिथंच हात वर करून दाखवला, पूर्ण, कानाला लागेपर्यंत. गेल्या महिनाभरात तो एवढा कधी गेला नव्हता. मग ते पिठाच्या पोत्यावर बसलेच. समोरच्या हॉटेलातून चहा आला. "एक शिरेल हाय," काका बशीत चहा ओतत सांगू लागले, "ही पोरगी दाखवते. चुका लय हाय त्यात. पण तू पाय. दहाला येत जा घरी. कौसल्या वाट पाहीन." आणि मग पुढचा अर्धा तास ते मार्ता, बेन, लिनो यांच्याविषयी असं बोलत होते, जसे काही ते सगळे याच गावचे.

तिसरा सीझन आम्ही तिघांनी पाहिला, चौघांनी म्हटलं तरी चालेल, कारण काकू दारात बसून ऐकत असत. दीड महिना संपला, माझं काम संपलं, तरी मी जात राहिले. पुढे माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले. तायडेकाका त्यानंतर तीन वर्षांनी गेले. काकू त्यांच्या मागोमाग गेल्या. बोदडेकाका गेल्याचं मला या पौषात कळलं, आणि दिलेला शब्द आता कोणासाठी पाळायचा हे मला समजेना, म्हणून हे सांगते आहे.

गिरणीवरच्या त्या भेटीनंतर दोन दिवसांनी मी एकटीच परत तिथं गेले होते. मला राहवलं नव्हतं. बोदडेकाका गिरणीचं जातं झाडत होते.

"काका, तुम्ही हो का म्हणालात?" मी विचारलं. "खोटं सांगायची काही गरज नव्हती. नाही म्हणता आलं असतं, गप्प राहता आलं असतं, मागे राहिलात तसं."

त्यांनी झाडणं थांबवलं नाही.

"तो माफी द्यायले आला होता, पोरी," ते म्हणाले. "एकवीस वर्षांनी दाराशी आलेल्या माणसाले माफी न घेताच परत धाडू काय?"